उरलेलं जून महिन्यात

आमोण्याच्या सुमंगलेनं जन्मात एकाच सिनेमाची वाट बघितली. पण ती अशी बघितली की घरातल्या माणसांना नको नको झालं.

सुरुवात झाली ती सुंगटांमुळे, म्हणजे कोळंबीमुळे. पावसाळा सरत आला होता, बाजारात सुंगटं बरी आली होती, आणि सुंगटं सोलायची म्हणजे खाली पेपर पसरायला हवा. सून अंकितानं जुना पेपर पसरला, सुमंगलेनं पहिलं सुंगट हातात घेतलं आणि ते हातातच राहिलं. पेपरात एक चित्र होतं. भला थोरला बंद दरवाजा, त्याच्यापुढं काठी टेकून उभा राहिलेला एक माणूस, खांद्यावर जाडंभरडं कांबळं, आणि दरवाजाच्या फटीतून बाहेर आलेलं कोकराचं इवलंसं नाक.

"अगो, हो तर आमचो राखणदार!" ती ओरडली. "ह्येका पेपरात कोणी घातल्यान?"

अंकितानं सुंगटांचं पाणी पुसून चित्राखालची बातमी वाचली. विलायतेतलं लहान मुलांचं एक जुनं पुस्तक, किरिस्तांव घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं; त्याच्यावर आता मोठा सिनेमा निघाला आहे आणि तो नाताळात लागणार. हिंदीतूनसुद्धा.

"आई, तुमका ही गोष्ट म्हायत आसा?"

"म्हायत?" सुमंगला म्हणाली. "अर्ध्या गावाक ती मीच सांगलंय!"

हे मात्र अगदी खरं होतं. फक्त त्या बोलण्यात एक गोम होती, ती अंकिताला ठाऊक नव्हती. सुमंगलेनं अर्ध्या गावाला जी गोष्ट सांगितली होती, तिचा शेवट तिनं स्वतःच कधी ऐकलेला नव्हता.

गोव्याचं राज्य झालं त्या साली ती डिचोलीच्या वाटेवरच्या एका कॉन्व्हेंटात रांधपीण होती. नवरा अनंत बार्जीवर खलाशी. नदीतून खनिज मुरगावला न्यायचं, ते बोटीत चढलं की भरती-ओहोटी बघून परतायचं, त्यामुळं तो घरी कधी असेल ते फक्त मांडवीला ठाऊक. बाहेर भिंतीभिंतींवर मराठी की कोंकणी यावरून रंगरंगोटी चालली होती. आत कॉन्व्हेंटाच्या रांधपघरात दोन्ही भाषा एकाच टोपात शिजत होत्या आणि कोणाचं पोट दुखत नव्हतं. संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाला की बोर्डिंगातल्या मुली मेजाभोवती बसायच्या आणि सिस्टर एस्पेरान्सा एक जाडजूड पुस्तक उघडायची. वाचायची इंग्लिशमधून, सांगायची कोंकणीतून, आणि मुली कुजबुजल्या की रागवायची पोर्तुगीजमधून. सुमंगला खिडकीशी आदोळीवर बसून नारळ खवायची आणि कान तिकडं लावायची. त्या वर्षी तिला एकेक नारळ खवायला इतका वेळ लागू लागला की मदर सुपीरियरनं बिचारीला नवी आदोळी आणून दिली.

गोष्ट होती एका मेंढपाळाची. त्याची कोकरं चुकून विसराच्या देशात शिरतात. तिथं पाऊल टाकलं की आधी स्वतःचं नाव विसरायला होतं. नाव गेलं की घर आठवत नाही, आणि घर आठवलं नाही की परतावंसंच वाटत नाही. मेंढपाळ स्वतःचं नाव मनात घोकत त्यांच्यामागून आत जातो आणि एकेकाला नावानं हाक मारतो. हाक कानावर पडली की कोकराला सगळं आठवतं आणि ते धावत दरवाजाशी येतं. पण तिथला दरवाजेवाला मोठा खट. एक जीव बाहेर सोडायचा तर एक नाव आत ठेवायचं, असा त्याचा कायदा. मेंढपाळ आधी आपल्या काठीचं नाव देतो, मग कुरणाचं, डोंगराचं, नदीचं. शेवटी सगळ्यांत धाकटं, लंगडं कोकरू तेवढं राहतं आणि त्याच्यापाशी द्यायला एकच नाव राहतं, त्याचं स्वतःचं. तो ते देऊन टाकतो. कोकरू बाहेर, दरवाजा बंद, आणि मेंढपाळ आत, बिननावाचा.

इथं सिस्टरनं पुस्तक मिटलं. परीक्षा संपल्या होत्या, मुली दुसऱ्या दिवशी घरी जायच्या होत्या. "उरलेलें जून म्हयन्यांत," ती म्हणाली.

जून आला, मुली आल्या, सिस्टर काही आली नाही. तिची बदली झाली, गोव्याबाहेर कुठंतरी लांब, आणि पुस्तक तिच्या ट्रंकेतून तिच्याबरोबर गेलं. नवी सिस्टर आली तिला गोष्टींपेक्षा झाडलोटीची आवड. सुमंगलेनं एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, त्या मेंढपाळाचां फुडां काय झालां?" सिस्टरनं तिच्याकडं असं बघितलं की जणू हिनं भात करपवलाय. "खंयचो मेंढपाळ?" ती म्हणाली. "पयलीं तो टोप घांस."

टोप घासला. पण गोष्ट काही डोक्यातनं जाईना. मग ती वाड्यावरच्या पोरांना सांगू लागली. आता आमोण्यात मेंढरं कोणी बघितली आहेत? पोरं विचारणार, मेंढपाळ म्हणजे कोण? सुमंगलेला त्याचं उत्तर तयार होतं. आपल्या गावाची सीम सांभाळणारा राखणदार नाही का! खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, पायांत करकरणाऱ्या वहाणा, आणि रानात वाट चुकलेल्याला घराच्या फाटकापर्यंत आणून सोडायचं काम. दुसरा कोण असणार? सिस्टरच्या पुस्तकातला तो आपलाच, विलायतेत त्याला मेंढरं राखायला दिली एवढंच, अशी तिची बालंबाल खात्री होती. कोकरांची झाली शेळीची पिल्लं. लंगड्या पिल्लाचं नाव तांबडी. आणि शेवट तिनं आपल्या मनानं जोडला. तो येईलच पुढं.

पण आपण जोडलेला शेवट तो आपलाच. खऱ्या पुस्तकात त्या आत राहिलेल्याला कोणी हाक मारली का, एवढं एकच तिला कळायला हवं होतं. तेही उगाच नव्हे, त्याला कारण होतं, आणि ते सांगायचं तर तिच्या लग्नाच्या मांडवात जायला हवं.

लाटंबार्श्याला काजूच्या झाडांत वाढलेली मुलगी ती. नाव जानकी. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अनंतानं अंगठीनं त्यात 'सुमंगला' लिहिलं, बायकांनी साखर वाटली, झालं. नाव कोणाला सुचलं होतं ते आज अनंतालाही सांगता येणार नाही, बहुतेक भटजीला. रीतच तशी होती, सगळ्याच पोरींची नावं बदलत, त्यात कोणाला काही वाटत नसे. पण सासरी आल्यावर वर्षभर "सुमंगले" अशी हाक आली की ही आपली भाकरी थापत बसायची. हाक दुसऱ्याच कोणाला आहे असं तिला वाटायचं. शेवटी सासूनं शेजारणीला सांगितलं, "सोयरीक बरी मेळली गो, पण चेडू बहिरां." मग कानात कोमट तेल घालणं सुरू झालं. हिनं निमूटपणे घालून घेतलं. सांगणार तरी काय? कारण कान चांगलेच तीक्ष्ण होते. बाप भेटायला आला आणि फाटकातूनच "जानकी गो" म्हणाला की ती परसातल्या बावीवरनं कळशी टाकून धावत यायची.

पुढं बाप गेला. मग भाऊ गेला. अनंत तर हाक मारणाऱ्यांतलाच नव्हे. जुन्या वळणाचा माणूस, "ऐकलां काय" एवढ्यावर त्यानं सगळा संसार ओढला. जानकी म्हणून हाक मारील असं माणूसच कोणी राहिलं नाही. तिनं याचं रडगाणं केलं नाही; तेवढा वेळ होता कुणाला? पण दरवाजाच्या आत राहिलेल्या त्या बिननावाच्या माणसावर तिचा जीव जडला तो असा.

आणि आता त्याचा सिनेमा येत होता.

"आई, कित्याक थांबतंत?" अंकिता म्हणाली. "मी कॉम्प्युटरार बघतंय. शेवट काय तो आत्ता सांगतंय."

"खबरदार!" सुमंगला कडाडली. "माका बातमी नको, माका गोष्ट व्हयी. इतकी वर्सां रवलंय, नाताळापर्यंत काय मरत नाय." आणि त्या दिवसापासून अंकिता कॉम्प्युटरपाशी बसली की ही पाठीमागून खोकायची.

सगळा गाव त्या सिनेमाच्या मागं लागला. हिच्या गोष्टी ऐकून मोठी झालेली पोरं आता कोणी खाणीवर ट्रक चालवत होती, कोणी पणजीत सरकारी कचेरीत चिकटली होती. ती वाटेत भेटून म्हणायची, "मावशे, तुज्या गोष्टीचो सिनेमा येता म्हणे!" सुमंगला मान तुकवून ते सगळं स्वीकारायची, जशी काय पुस्तक तीच लिहून विलायतेला पाठवून बसली होती. मासे विकणारीला तिनं बजावून सांगितलं, "तांबडी लंगडी दाखवक व्हयी हां, नायतर मी थेटरात उठून बोलतलंय." मुलगा सिद्धेश याला तिकिटांची आठवण सकाळी चहाबरोबर आणि रात्री भाताबरोबर मिळू लागली. अनंताला आता बार्जीवरून सुटी झालेली, काम नाही, तेव्हा चिडवायला वेळच वेळ. "हिचो राखणदार हिरो झालो," तो म्हणायचा. "आता आमका कोण विचारता?"

वरवर एवढा थाट. आत मात्र तिला धाकधूक होती. समजा पुस्तकात त्याला कोणी हाकच मारली नसेल तर? मग अर्ध्या गावाला आपण खोटं सांगितलं. ते एक वेळ चाललं असतं. पण तो बिचारा इतकी वर्षं आतच आहे, आणि यापुढंही तिथंच राहणार, हे काही तिला सोसवणार नव्हतं. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा. अंकिता विचारायची, "आई, काय झालां?" ती म्हणायची, "काय नाय, कांदो झोंबता." समोर भेंडी असायची.

सिनेमाच्या दिवशी सकाळी ती शेताच्या कडेला राखणदाराच्या जागी गेली. रोट ठेवला, विडी ठेवली आणि हात जोडून अंगवण बोलली. "राखणदारा, तुजोच सिनेमा लागलो आसा. तुका कोणीतरी हाक मारून भायर काढल्यान आसांदी. काढल्यान तर तुका नव्यो वहाणो देयन." मग घरी येऊन तिनं ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. खेळ दुपारचा होता. ही बसली तेव्हा अंकिताची न्याहारीही झाली नव्हती.

पणजीच्या त्या नव्या थिएटरात चालता जिना होता. जन्मभर बार्जीच्या डुगडुगत्या फळीवरून धावलेला अनंत त्या जिन्यापुढं उभा राहिला तो हलेचना. शेवटी सुमंगलेनं त्याचं मनगट धरून त्याला वर नेला. पडद्यावर मेंढपाळ आला तेव्हा ती जरा हिरमुसली. "घोंगडी बरी आसा," ती अंकिताच्या कानात म्हणाली, "पण मिशी खंय?" मात्र पहिलं कोकरू चुकलं आणि त्यानं पहिली हाक मारली, तेव्हा मिशी राहिली बाजूला. ती खुर्चीच्या कडेवर आली. काठीचं नाव गेलं. डोंगराचं गेलं, नदीचं गेलं. लंगडं कोकरू आलं तेव्हा तिनं अनंताचा दंड असा आवळला की तो ओय म्हणाला. मेंढपाळानं दरवाजेवाल्याच्या कानात आपलं नाव सांगितलं. कोकरू बाहेर उडालं. तो एवढा मोठा दरवाजा हळूहळू ओढला गेला आणि धाडकन बंद झाला.

पडदा काळा झाला. सुमंगलेचे दोन्ही हात गळ्याशी होते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, बाजा वाजू लागला आणि दिवे लागले.

"बसा, बसा," ती उठणाऱ्या माणसांना म्हणाली. "इंटरवल आसा."

"आई," अंकिता अगदी हळू म्हणाली, "संपलो. ह्यो पयलो भाग. दुसरो भाग दोन वर्सांनी येतलो म्हणून लिहिलां हां."

सुमंगलेच्या तोंडातून शब्द आले ते ऐकून पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली.

"म्हणजे जून म्हयन्यात!"

बाहेर पडता पडता दरवाजावरचा बॅटरीवाला माणूस सापडला, त्याची कणीक तिंबून झाली. "अर्ध्या पानावरनां माणसाक उठवतंत? लाज नाय तुमका?" तो गरीब म्हणाला, "काकी, दुसऱ्या भागाक येयात मगे." "दोन वर्सां मी आसान की नाय तां तू लिहून दितंस?" तिनं विचारलं. त्याच्यापाशी तसं काही लिहून द्यायची सोय नव्हती. सिद्धेशनं तिला कशीबशी गाडीत बसवली.

गाडी मांडवीच्या पुलावरून निघाली. ऊन कलतं झालं होतं, खाली एक रिकामी बार्ज वर आमोण्याकडं चालली होती. अनंताला शांतता कधीच मानवत नाही. "अंगवणीचां काय करतलंस?" तो म्हणाला. "अर्धो सिनेमा, तर एकच वहाण दी. उजव्या पायाची." सिद्धेश हसला, अंकिता हसली. सुमंगला हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. अनंतानं ते बघितलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"अगो," तो जरा वेळानं म्हणाला, "पण त्याचां मगे झालां काय?"

"तुमका म्हायत नाय?"

"मी कधी ऐकलंय? तू पोरांका सांगीस तेव्हा मी मुरगावाक. घराक असलंय तर निजलेलो."

हेही खरंच होतं. सगळ्या वाड्याला पाठ असलेली गोष्ट घरधन्याला ठाऊक नव्हती. सुमंगलेनं पदरानं नाक पुसलं आणि सांगायला लागली.

"पिल्लां सगळी घराक पोचतत. पेज पितत. मगे कोण तरी म्हणता, राखणदाराक जेवूक बोलवा. आता बोलवतले कशे? नाव कोणाकच येना नाय. सगळी दरवाजाकडे जातत. एक म्हणता 'अरे', दुसरां म्हणता 'ओ', तिसरां म्हणता 'ऐकलां काय'. दरवाजो हलना नाय. आतल्या माणसाक कळूक नको, ह्यां माकाच म्हणतत म्हणून?"

अनंत खाली आपल्या हातांकडं बघत होता.

"मगे तांबडी फुडे येता. लंगडत लंगडत. तिका नाव म्हायत असता. ती बारकी असताना एकदा रानात चुकली होती, तेव्हा त्यानं तिका खांद्यार घेतल्यान आणि भिया नको म्हणून आपलां नाव तिका सांगल्यान. बाकी सगळ्यांची नावां त्येका म्हायत होती, पण त्याचां नाव कोणी कधी विचारूक नाय. हिणां तेवढां ध्यानात धरल्यान. ती दरवाजाक तोंड लावून हाक मारता. एकच. दरवाजो पडता."

"आणि नाव काय होतां त्याचां?"

सुमंगलेनं खिडकीतून बाहेर बघितलं. "तां मी कोणाक सांगूक नाय," ती म्हणाली. "पोरां विचारीत. मी म्हणी, तांबडेक विचारा."

त्यानंतर घर येईपर्यंत अनंत एक शब्द बोलला नाही. जेवताना बोलला नाही. आमटीत मीठ कमी पडलं होतं तरी बोलला नाही, तेव्हा अंकितानं सिद्धेशला डोळ्यानं विचारलं, बाबांना बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेराचा भोंगा वाजला. पाव घ्यायला फाटकाशी जायचं काम अनंताचं. रोज तो तिथूनच ओरडायचा, "ऐकलां काय, पोयी किती?" आणि आतून कोणीतरी आकडा सांगायचं. त्या दिवशी तो फाटक धरून उभाच राहिला. पदेर सायकल धरून थांबला, पाटीतले पाव निवायला लागले. अनंतानं एकदा घसा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला. मग म्हाताऱ्यानं छाती भरून, नदीपल्याडच्या बार्जीला मारावी तशी हाक मारली.

"जानकी!"

पदेरानं दचकून घराकडं बघितलं. अंकिता रांधपघरातून बाहेर आली, घरात ही जानकी कोण नवी आली म्हणून. आणि परसात, पार बावीवर, सुमंगलेच्या हातातून कळशी सुटून पाण्यात गेली.

ती धावतच आली. पायऱ्यांपाशी तिला धाप लागली, तशी खांब धरून उभी राहिली. अनंत फाटकाशी कानापर्यंत लाल होऊन उभा होता, तरणा असतानासुद्धा कधी झाला नसेल इतका. "पोयी किती घेव, जानकी?" त्यानं पुन्हा विचारलं, आता हळू.

तिला रडायलाही येत होतं आणि हसायलाही, आणि पदेरासमोर दोन्ही बरं दिसलं नसतं.

"चार घेया," ती म्हणाली. "आणि एवढां ओरडतंत कित्याक? मी काय बहिरी?"

त्याच दुपारी ती डिचोलीच्या बाजारात जाऊन आली. राखणदाराच्या जागी करकरीत नव्या वहाणा ठेवल्या, दोन्ही पायांच्या.